आईला आत घ्या!

वसुबारसेच्या संध्याकाळी आपल्याकडे एकटी गाय पुजत नाहीत. वासरासह गाय लागते. गोठ्यात गाय आहे पण वासरू नाही, असे दिसले की निरांजन घेऊन निघालेल्या बायका पुढच्या गोठ्याकडे वळतात. त्या दिवशी कित्येक घरांतून गाईचे दूध आणि तूप वर्ज्य असते. आज तरी वासराच्या वाटणीचे वासराला मिळो, हा त्यातला भाव. दिवाळीचा पहिला दिवा आपण लक्ष्मीपुढे लावीत नाही. आई आणि तिचे पिल्लू एका जागी उभे आहेत, या दृश्यापुढे तो लावतो. ज्या कोणी हा सण बसवला त्याला जगरहाटी चांगली कळत होती, यात शंका नाही.

आणि हाच सण पाळणारा आपला समाज माणसाच्या आईशी कसा वागतो? तिचे मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मले, वजनाने हलके भरले, जन्मताच रडले नाही, की त्याला आपण एका खोलीत नेतो आणि तिला त्या खोलीच्या दाराबाहेर बसवतो. दारावर पाटी असते, 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' नऊ महिने, किंवा सात महिने म्हणा, ज्या देहाने त्या जिवाला आत ठेवले, त्या देहाला आता त्याच्याजवळ जाण्यासाठी परवानगी लागते!

गोडाधोडाच्या दिवसांत हा विषय काढल्याबद्दल काही वाचक नाक मुरडतील. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, हा अंक ज्या घरांतून चाळला जाईल त्यांतल्या पुष्कळ घरांत पुढच्या दिवाळीपर्यंत पाळणा हलणार आहे. कोणाचा पाळणा दिवस भरण्याआधीच हलेल, हे कोणी सांगावे? शिवाय हा विषय नशिबाचा नाही. तो एका खोलीच्या नकाशाचा आहे, आणि नकाशा माणसे काढतात.

त्या खोलीला कागदोपत्री नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग म्हणतात. आपली माणसे एवढे लांब बोलत नाहीत. 'बाळ काचेत ठेवलंय,' एवढेच सांगतात, आणि ऐकणाराही पुढे काही विचारीत नाही. या खोलीने हजारो मुले वाचवली आहेत, हे प्रथमच मान्य करतो. तिथल्या परिचारिका दोन हातांनी चार जणींचे काम करतात, हेही मान्य करतो. माझे भांडण त्यांच्याशी नाही, यंत्रांशी तर मुळीच नाही. माझे भांडण भिंतीशी आहे.

ती भिंत कशी उभी राहते, ते पाहा. २०११ साली केंद्र सरकारने जिल्हा इस्पितळांतील अशा विभागांसाठी मार्गदर्शक नियम केले आणि निदान १२ खाटांचा विभाग हवा असे ठरले. उत्तम झाले. पण खाट म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखालची बाळाची खाट. आराखडा करणारा या १२ खाटा मांडतो, प्राणवायूच्या नळ्या मोजतो, विजेची बटणे मोजतो, डॉक्टरांचे टेबल, परिचारिकांचे कपाट, धुण्याची जागा मोजतो. आणि मग त्याच्या ध्यानात येते की, आई नावाचे एक माणूस या कामात कुठेतरी आहे. तिच्यासाठी मग बाहेरच्या बोळात एक बाक उरतो. पुष्कळदा तोही उरत नाही, सतरंजी घरून आणावी लागते.

यंत्राची उंची उभ्या परिचारिकेच्या कमरेच्या मापाने ठरलेली असते. पोटाला टाके पडलेली बाई पाच मिनिटे आत गेलीच, तर तिला तिथे उभेच राहावे लागते, कारण खुर्ची नाही. आणि टाके ओढू लागले की ती आपण होऊन बाहेर येते. मग वहीत लिहिले जाते की आई फारशी थांबत नाही! भिंतीला खिडकी असते, पण ती अशा उंचीवर की बसलेल्या बाईला छत तेवढे दिसावे. बाळाच्या पायाला चिठ्ठी असते, 'अमकीचे बाळ'. आईचे नाव आत असते आणि आई बाहेर असते. रात्री दिवे तेच, यंत्रांचा टिवटिवाट तोच. बाळाला दिवस कळत नाही आणि आईला बाळ कळत नाही.

मी राहतो ते चौक गाव खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, इर्शाळगडाच्या पायथ्याशी आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा हे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या कानी गेले. आमच्या डोंगरांतल्या कित्येक ठाकरवाड्यांपर्यंत धड रस्ता नाही. अडलेल्या बाईला झोळीत घालून खाली आणावे लागते. खाली रुग्णवाहिका मिळते. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारी इस्पितळातले बाळंतपण, औषध, वाहन, बाळंतिणीचे जेवण सारे विनामूल्य झाले, आणि ही गोष्ट खरोखर मोठी आहे. पण मूल नाजूक निघाले की पुढची वाट पनवेलची, अलिबागची, नाही तर मुंबईची. अलिबाग इथून ७०-८० किलोमीटर पडते. मूल पुढे जाते. पोट शिवलेली आई पुष्कळदा मागेच राहते आणि चार दिवसांनी पान्हा दाटलेल्या छातीने मागाहून पोचते. पोचल्यावर तिला दार भेटते.

माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या एका मुलीचे पहिले मूल असेच आठव्या महिन्यात झाले. इस्पितळाचे नाव सांगत नाही. सांगून साधणार नाही. नाव बदलले तरी नकाशा बदलत नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ती जिन्याजवळ भिंतीला टेकून बसली होती. मूल नऊ दिवसांचे झाले होते. दर तीन तासांनी आतून हाक यायची, ती वाटीत दूध काढून द्यायची, वाटी आत जायची आणि दार लागायचे. मला पाहून उठू लागली. मी नको म्हटले, तशी हळूच म्हणाली, "गुरुजी, तुम्हाला आत सोडलं तर तो कोणावर गेलाय, तेवढं बघून सांगाल?"

नऊ दिवसांच्या मुलाच्या आईला आपले मूल कोणावर गेले आहे हे ठाऊक नव्हते. मला कोणी आत सोडले नाही, आणि तेच योग्य होते. मी त्या मुलाचा कोण लागतो? पण त्या दाराच्या लेखी ती आणि मी सारखेच होतो. दोघेही बाहेरचे!

ते मूल वाचले. आज अंगणवाडीत जाते, दंगा करते. पण घरी आणल्यावर पहिले आठ-दहा दिवस त्याची आई त्याला उचलायला भीत असे. रडले की सासूकडे पाही. दुसऱ्याची जिन्नस आपल्याकडे ठेवायला दिली आहे, असा तिचा सारा भाव. त्या खोलीने तिला मूल परत दिले, पण 'हे तुझे आहे' असे सांगायचे राहून गेले. हा दोष तिच्या स्वभावाचा मानायचा की त्या दाराचा?

हे दार आपल्याकडे आले कुठून, ते पाहण्यासारखे आहे. १८८० च्या सुमारास पॅरिसमध्ये तार्निए नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि तशीच पेटी माणसाच्या कच्च्या बाळांसाठी करवून घेतली. त्याचा शिष्य ब्यूदँ हा मोठा शहाणा माणूस. आईला बाळापासून दूर ठेवले तर तिचा जीव त्याच्यावरून उडू लागतो, हे त्याने ओळखले, आणि आयांनी पेटीपाशी यावे, अंगावर पाजावे, असा आग्रह धरला. पण पेटी जगभर पोचली ती निराळ्याच वाटेने. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने १८९६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात पेट्यांतली जिवंत बाळे मांडली, आणि पुढे १९०३ पासून १९४३ पर्यंत न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत दर हंगामाला मांडली. लोक तिकीट काढून काचेतून बाळे पाहत. त्या तिकिटांच्या पैशांवर कूनीने हजारो मुले जगवली आणि आईबापांकडून दमडी घेतली नाही, हे त्याचे पुण्य त्याच्या पदरात घालू. पण त्या मुलांच्या आयांना काय मिळे? फुकट पास! इतरांनी पैसे देऊन काचेबाहेर उभे राहावे, आईने पैसे न देता काचेबाहेर उभे राहावे. आपल्या इस्पितळांतून 'भेटीचा पास' गळ्यात अडकवून उभी असलेली बाळंतीण पाहिली की मला ती जत्रा आठवते. ब्यूदँचा उपदेश मागे राहिला आणि कूनीची काच पुढे आली.

आता कोणी म्हणेल, गुरुजींना जुनी बाळंतिणीची खोली परत हवी आहे. मुळीच नाही! ती अंधारी खोली, ती शेगडी, तो धुरीचा धूर, राखेने माखलेली नाळ, चिकाचे पिवळे दूध नासके म्हणून पिळून टाकायचे आणि मुलाला मधाचे बोट चाटवायचे, यांतल्या कशाचेही मला कौतुक नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशांचे मूल दहा दिवसांत गेले, तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखाने त्यांना सातासमुद्रापार नेले आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. जुन्या खोल्यांनी किती पाळणे रिकामे केले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही एवढेच.

पण त्या वाईट खोलीत एक गोष्ट बरोबर होती. बाळ आईच्या कुशीत होते. दहा दिवस बाळंतिणीला विटाळशी म्हणून घरापासून दूर ठेवीत, हा अन्याय खराच. पण त्या विटाळातही बाळ तिच्यापाशी असे. नव्या खोलीने विटाळ काढला नाही, त्याचे नाव बदलले. पूर्वी ती सोयराची म्हणून देवघरात नको होती, आता जंतूंची म्हणून बाळापाशी नको आहे. धूर गेला हे फार चांगले झाले. पण धुराबरोबर आईलाही बाहेर काढण्याचे कारण काय?

कारणे दिली जातात. ती एकेक करून तपासू.

पहिले कारण, जंतुदोष. आई आत आली की जंतू येतील. ऐकायला हे शास्त्रीय वाटते. पण शास्त्राने या प्रश्नाचे काय उत्तर दिले आहे? जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांतल्या पाच इस्पितळांत मोठा प्रयोग केला. भारतातले इस्पितळ दिल्लीचे सफदरजंग, म्हणजे आपल्यासारखेच सरकारी आणि आपल्यासारखेच भरलेले. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतली ३,२११ बाळे त्यात होती. निम्म्या बाळांना चालत आलेल्या पद्धतीने ठेवले: आधी यंत्र, प्रकृती स्थिरावली की मग आई. उरलेल्या निम्म्यांसाठी खोलीच निराळी मांडली: अतिदक्षता विभागातच आईची खाट, आणि जन्मल्यापासून बाळ तिच्या उघड्या छातीशी. पहिल्या गटाला त्या विभागात आईची छाती दिवसाकाठी साधारण दीड तास लाभली, दुसऱ्याला जवळजवळ सतरा तास. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. पहिल्या २८ दिवसांत जुन्या पद्धतीत शेकडा १५.७ बाळे दगावली, नव्या पद्धतीत शेकडा १२. फरक इतका ढळढळीत होता की, काही बाळांना आईपासून दूर ठेवणे यापुढे योग्य नाही म्हणून प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. आणि ज्या जंतुदोषाचा एवढा बाऊ, त्याची शंका यावी अशी लक्षणे जुन्या पद्धतीत शेकडा २७.८ बाळांत दिसली, नव्या पद्धतीत शेकडा २२.९ बाळांत. म्हणजे आई आत आल्याने जंतुदोष वाढला नाही, घटला! २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारसच केली की, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्मल्यापासूनच आईच्या अंगाशी ठेवावे. ज्यांचा श्वासच आपण होऊन चालत नाही, जे अगदी अत्यवस्थ आहेत, त्यांची गोष्ट वेगळी; पण त्यांच्याही तळहातावर आईला आपले बोट ठेवता येते, आणि त्याला खुर्चीपलीकडे काही लागत नाही.

दुसरे कारण, जागा नाही, पैसा नाही. यावर मी विचारतो, गरिबीतूनच ही युक्ती निघाली, हे ठाऊक आहे का? १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरी डॉ. एडगर रे यांच्या प्रसूतिगृहात पेट्या कमी आणि बाळे फार अशी अवस्था होती. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे. त्यांनी बाळे आयांच्या छातीशी बांधली. जगाने त्याला 'कांगारू' असे नाव दिले. आमच्या आदिवासी बायकांनी पाठीपोटाशी मूल बांधून रानोमाळ हिंडताना कांगारू कधी पाहिला नव्हता. पण त्यांना हे सांगायला कोणी गेले नाही. दुसरीकडे श्रीमंत देश पाहा. स्टॉकहोमच्या दोन इस्पितळांत ३६६ बाळांवर अभ्यास झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. जिथे आईबापांना रात्रंदिवस बाळापाशी राहण्याची सोय होती, तिथली बाळे सरासरी पाच दिवस आधी घरी गेली. एका खाटेचे पाच दिवस वाचणे म्हणजे काय, हे आमच्या जिल्हा इस्पितळाच्या हिशेबनिसाला विचारा. पैसा नाही म्हणून आईला जागा नाही, हे म्हणणे उलटे आहे. पैसा नाही म्हणूनच आईला जागा हवी.

तिसरे कारण कोणी उघड बोलत नाही, पण दारापाशी उभे राहिले की ऐकू येते. या बाया अडाणी आहेत, यांना काय कळते! याचे उत्तर महाराष्ट्राने केव्हाच दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ खेड्यांत, गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचे दुखणे ओळखायला आणि त्यावर घरच्या घरी उपचार करायला शिकवले. शेजारच्या, अशी सोय नसलेल्या खेड्यांशी ताडून पाहता नवजात बालमृत्यू शेकडा ६२ इतका खाली आला. १९९९ साली 'लॅन्सेट'सारख्या वैद्यकातल्या मातब्बर नियतकालिकाने ते छापले. गावची बाई दुसऱ्याच्या बाळाचा न्यूमोनिया ओळखू शकते आणि आई स्वतःच्या बाळापाशी हात धुऊन बसू शकत नाही, हे कोणाला पटावे? मी शाळामास्तर आहे. न शिकवता परीक्षा घेणे आणि नापास झाला म्हणून वर्गाबाहेर काढणे, याला आमच्या धंद्यात शिकवणे म्हणत नाहीत.

मुंबईत धारावीला लागून असलेल्या शीवच्या लोकमान्य टिळक इस्पितळात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. गोरगरीब बायकांचे दूध हे कच्च्या बाळांचे औषध आहे, हे तिने जगाला दाखवले. ही गोष्ट आता कोणी नाकारीत नाही. मग सगळीकडचे डॉक्टर दूध आत घेतात, आणि झरा मात्र बोळात बसवतात, हा कोठला न्याय? बाळापाशी बसलेल्या आईला पान्हा फुटतो, जिन्याजवळ बसलेलीचा आटतो, हे समजायला पदवी लागत नाही; कोणत्याही गवळ्याला विचारा.

चौथे कारण, गर्दी होईल, शिस्त मोडेल. गर्दी पाहुण्यांची होते. आई पाहुणी नाही, ती उपचाराचा भाग आहे. परिचारिकेला जसे कोणी गर्दी म्हणत नाही, तसे तिलाही म्हणू नये. उलट आत माणसे असण्याची गरज कोठे दिसली, ते आठवा. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा इस्पितळातील नवजात शिशूंच्या विभागात आग लागली. आत १७ बाळे होती. ७ वाचवता आली, १० गेली. आया आत असत्या तर ती वाचलीच असती, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण ज्या खोलीत प्रत्येक बाळापाशी त्याचे एक माणूस निजलेले असते, त्या खोलीत धुराचा पहिला वास कोणाला तरी येतो, एवढे तर कोणीही मान्य करील.

इथे एक इशारा द्यायला हवा. हा लेख वाचून एखादा पुढारी म्हणेल, ठीक आहे, प्रत्येक बाळाला वेगळी वातानुकूलित खोली बांधू. नुसत्या खोलीने काम भागत नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या एका इस्पितळातला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. एकेकट्या खोलीत ठेवलेली बाळे दोन वर्षांची झाल्यावर, सामाईक दालनात वाढलेल्या बाळांपेक्षा भाषेत मागे पडलेली दिसली. खोली शांत होती, पण त्या शांततेत बोलायला पुरेसे कोणी येत नव्हते. एकीकडे स्टॉकहोम, एकीकडे सेंट लुईस. दोहोंतला फरक भिंतींचा नाही, भिंतीच्या आत कोण होते याचा आहे. आईला बाळापाशी राहता यावे म्हणून खोली बांधायची असते. ते साधत नसेल तर संगमरवराची खोलीही जत्रेतली काचच.

आणि बाप? त्याच्याविषयी कोणी बोलतच नाही. तो फाटकापाशी उभा असतो. एका हातात औषधाची चिठ्ठी, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. रोजगार बुडालेला, रात्री वळचणीला निजलेला. त्याला बाळाची खबर मिळते ती दारातून, उभ्या उभ्या, आणि तीही त्याला न कळणाऱ्या भाषेत. मी ज्या प्रयोगाची हकीगत वर सांगितली, त्यात आई उठू शकत नसेल तेव्हा घरातल्या दुसऱ्या माणसाने बाळ छातीशी धरावे अशी सोय होती. बापाची छातीही ऊबदार असते, हे आपल्या आराखडे काढणाऱ्यांना कोणीतरी कळवायला हवे.

कागदावर हे सारे आहे बरे का! दिल्लीच्या राम मनोहर लोहिया इस्पितळातल्या अनुभवाच्या आधाराने केंद्र सरकारने २०१७ साली मार्गदर्शक पुस्तिकाच काढली: आईबापांना हात धुणे, पाजणे, छातीशी धरणे शिकवावे आणि विभागात बाळाच्या सेवेत घ्यावे. सरकारचे धोरण आत या म्हणते, भिंत बाहेर थांबा म्हणते, आणि आपल्या देशात धोरण आणि भिंत यांच्या झगड्यात बहुधा भिंत जिंकते.

माझा जिल्हा रायगड. गडाचे दरवाजे सूर्यास्ताला लागले, तान्हे बाळ खाली गावात, म्हणून कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका इथे शेंबड्या पोरालाही येते. गोष्टीत राजाने तिला दंड केला नाही. साडीचोळी दिली आणि बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले. आज आपण एसटीच्या स्थानकांवरून 'हिरकणी कक्ष' केले आहेत, तेही योग्यच. पण ज्या दारापाशी हिरकणीची खरी कसोटी लागते, ते इस्पितळातले दार आहे, आणि तिथे उतरायला कडाही नाही. कडा असता तर आमच्या बाया केव्हाच उतरून गेल्या असत्या.

मागणे फार मोठे नाही. जिथे जिथे नवा नवजात विभाग बांधला जाईल, तिथे बाळाच्या खाटेबरोबर आईची खाट मोजली जावी. १२ लिहिले की त्याचा अर्थ १२ जोड्या. जिथे जुना विभाग आहे, तिथे उद्यापासून प्रत्येक यंत्रापाशी पाठ टेकता येईल अशी एक खुर्ची आणि आडोशाला एक पडदा. दाराशीच हात धुण्याची जागा, आणि ते कसे धुवावेत हे तिच्या बोलीत सांगणारे माणूस. विभागाला लागून बाळंतिणीसाठी संडास, न्हाणी आणि गरम जेवण. मूल एका इस्पितळातून दुसऱ्यात हलवायचे तर, प्रकृतीला झेपेल तिथे, आईही त्याच गाडीत. बापाला दिवसातून ठरावीक वेळी आत प्रवेश, आणि खबर सांगायची ती बसवून.

यांतले काही सरकारने करायचे आहे, काही आपण. दिवाळीच्या निमित्ताने आपल्यातले कितीतरी दानशूर इस्पितळाला यंत्र देतात. यंत्रावर देणाऱ्याचे नाव घालता येते, फीत कापता येते, छायाचित्र निघते. खुर्चीवर नाव घातले तर ते पाठीखाली झाकले जाते, म्हणून खुर्ची कोणी देत नाही. या वर्षी कोणाला देणगी द्यायची असेल तर त्याने जवळच्या नवजात विभागात जावे आणि डॉक्टरांना एकच गोष्ट विचारावी: इथे आई कुठे बसते? उत्तरादाखल त्यांनी बोट दाराबाहेर दाखवले, तर काय द्यायचे ते आपोआप कळेल.